मंदी आली की आधी सुरमई कमी होते

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याची नोकरी पुण्यात, आयटीतली. मालवणजवळच्या देवबागला आजोबांच्या नावची जागा आहे, तिथे आत्या एकटीच राहते. चार खोल्या बांधून निवास-न्याहारी सुरू करायची आहे, २५ लाखांचं कर्ज मिळतंय. पण ऑफिसात माणसं कमी करायला लागलेत, म्हणून धाकधूक. "मंदी आली तर सीझनवर जगणाऱ्या गावाचं नक्की काय होतं? लोक फिरायचं बंद करतात का?"

लोक फिरायचं बंद करत नाहीत. केलं असतं तर निदान लगेच कळलं तरी असतं.

मी मालवणात गेली बावीस वर्षं हिशेब लिहितो. वायरी, तारकर्ली, देवबाग, चिवला, दांडी या पट्ट्यातले निवास-न्याहारीवाले, खानावळवाले, होडीवाले, दोन-तीन स्कूबावाले माझ्याकडे वह्या आणून देतात. कुणी रीतसर लिहिलेल्या, कुणी पिशवीत कोंबलेल्या चिठ्ठ्या. समुद्र मी रोज बघतो, पण मंदी बघितली ती वह्यांतच. म्हणून वहीतूनच सांगतो.

मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी देवबागच्या रस्त्यावर या. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी आणि त्यात एकच रस्ता. समोरून टेम्पो ट्रॅव्हलर आला की दोघांपैकी एकाने मागे जायचं. हे दृश्य तेजीच्या वर्षी दिसतं आणि मंदीच्या वर्षीही तस्संच दिसतं. गावात कुणालाही विचारा, "कसली मंदी हो, पाय ठेवूक जागा नाय" असंच ऐकाल. तोच रस्ता मंगळवारी बघा. फरक मंगळवारी पडतो.

आमचा सीझन म्हणजे काही सलग सहा महिने नव्हे. दिवाळीचे दहा-बारा दिवस, नाताळ ते नवीन वर्ष, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या. मार्चमध्ये परीक्षा, तेव्हा सगळं थंड. मग एप्रिलच्या मध्यापासून मे संपेपर्यंत पुन्हा. मेच्या शेवटी किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी. गणपतीत तर गंमतच असते. कोकण रेल्वेला उभं राहायला जागा नाही, महामार्गावर गाड्यांची रांग, गावं माणसांनी फुललेली, आणि आमच्या खोल्या रिकाम्या. चाकरमानी स्वतःच्या घरी झोपतो, तो खोली कशाला घेईल? नवीन माणूस गणपतीची गर्दी धरून उत्पन्नाचा अंदाज बांधतो आणि पहिल्याच वर्षी तोंडावर पडतो.

तर असे मोजून शंभर-सव्वाशे दिवस. त्यांवर बारा महिने काढायचे. मंदी या दिवसांतल्या शनिवारांना सहसा हात लावत नाही. शुक्रवार, सोमवार, मंगळवार कुरतडते. दोन रात्री राहणारं कुटुंब एक रात्र राहतं: शनिवारी पहाटेच दारात हजर, "चेक-इन लवकर मिळेल का?", आणि रविवारी दुपारचं जेवून परत. दोन खोल्या घेणारे सहाजण एका खोलीत मावतात, जादा गादी मागतात. पाण्यात उतरायचं असतं, पण स्कूबाला एकटा मुलगाच जातो, आईबाप होडीत बसून फोटो काढतात. कंपन्यांच्या सहली तर पहिल्या फटक्यातच बंद, कारण तो खर्च साहेबाच्या एका सहीने थांबतो.

आणि जेवण. खानावळीची बिलं चाळताना मला मंदी सगळ्यात आधी दिसते ती सुरमईत. बरं वर्ष असलं की दहा थाळ्यांत चार-पाच सुरमईच्या, एखादी पापलेटची. हात आखडला की माणूस बांगड्यावर येतो, मग अंडाकरीवर, आणि पोरांसाठी "एक शाकाहारी द्या, आम्ही वाटून घेऊ". थाळ्यांची संख्या तीच, गल्ला पाऊण. वर्तमानपत्रात मंदीची बातमी यायच्या महिना-दीड महिना आधी माझ्याकडे ती बांगड्याच्या रूपात येऊन गेलेली असते. दुसरी खूण म्हणजे बाजारात फिरून रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला. रोज पाचशे टाकणारा दुकानदार दोनशेवर आला आणि "उद्या ये" म्हणायला लागला, की समजायचं.

आता लोक चूक कुठे करतात ते सांगतो. मंदी ही एकच एक गोष्ट नसते, आणि कोकणही एकच नाही. पाहुणा कुठल्या घाटाने उतरतो त्यावर तुमची मंदी कुठली ते ठरतं. अलिबाग, नागाव, काशीदला मुंबई येते. तिथे मुंबईतल्या पगारांचं काय चाललंय ते बघायचं. दिवेआगर-श्रीवर्धनला ताम्हिणीतून पुणं उतरतं. गुहागरला कुंभार्लीतून कराड-सातारा येतं, गणपतीपुळ्याला आंबा घाटातून कोल्हापूर. आमच्याकडे मुंबई-पुणं येतंच, पण आमचा बारमाही, न कंटाळता परत येणारा पाहुणा म्हणजे फोंडा घाट, गगनबावड्याकडचा करूळ घाट आणि आंबोली उतरून येणारा कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, बेळगावचा. रात्री जेवून निघतो, सकाळी तारकर्लीला. त्याच्या खिशाचा आणि शेअर बाजाराचा काही संबंध नाही. त्याचं उसाचं बिल झालं का, इचलकरंजीतले माग चालू आहेत का, कोल्हापूरजवळ शिरोलीला गाड्यांचे सुटे भाग ओतणाऱ्या फाउंड्रीत तीन पाळ्या आहेत की एक, यावर आमचा डिसेंबर ठरतो. कायद्याने ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत. ते थकले की आमच्याकडचे जानेवारीतले शनिवारही सुने जातात. २००८ च्या शेवटी जगभर हाहाकार होता, टीव्हीवर दुसरं काही नव्हतं, मुंबईवर हल्लाही त्याच नोव्हेंबरात झाला. माझ्या तेव्हाच्या मोजक्या वह्यांत मुंबईचे पाहुणे एकदम गळालेले दिसतात, कोल्हापूरचे मात्र जवळपास पूर्वीइतकेच.

उलट २०१९ घ्या. त्या वर्षी देश बुडाला असं कुणी म्हणत नव्हतं. पण गाड्यांचा खप पडला होता, त्यामुळे कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना काम कमी. ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर, घरंदारं, ऊस, दुकानं पाण्यात. म्हणजे आमचा हक्काचा पाहुणा दोन्हीकडून मार खाऊन बसलेला. त्यात ऐन दिवाळीत क्यार वादळ. ते किनाऱ्याला धडकलं नाही, बाहेरूनच गेलं, पण पाऊस आणि उधाणाने चार दिवस किनाऱ्यावर उभं राहायची सोय नव्हती. आगाऊ रकमा परत कराव्या लागल्या. देवबागच्या एका घरी मी त्या आठवड्यात गेलो होतो. ओसरीवर नव्या गाद्या प्लास्टिकसकट रचून ठेवलेल्या, दिवाळीसाठी म्हणून उधारीवर आणलेल्या. घरधनी म्हणाला, "औंदा दिवाळी गेली, मे महिन्यात भरून काढू." मे २०२० मध्ये काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

असं लागोपाठ दोनदा होतं तेव्हा माणूस मोडतो. सीझनच्या धंद्यात हुकलेला महिना पुढच्या महिन्यात भरून काढता येत नाही. पुण्यातला दुकानदार ऑक्टोबर वाईट गेला तर नोव्हेंबरची वाट बघतो. आमची दिवाळी गेली की मेची वाट, आणि मे गेला की पुढच्या दिवाळीची. मध्ये पावसाळा बसलेला.

हे आकड्यांत बघू. तुमच्या चार खोल्यांचाच हिशेब मांडतो, आकडे माझ्या अंदाजाचे आहेत पण या पट्ट्याला धरून आहेत. बऱ्या वर्षी वर्षाकाठी ११० रात्री चारही खोल्या भरल्या असं धरा, म्हणजे ४४० खोली-रात्री. सरासरी दर २,२०० रुपये. उत्पन्न ९ लाख ६८ हजार. जेवणाचं वेगळं, ते तूर्त बाजूला ठेवतो. प्रत्येक रात्रीमागे धुलाई, वीज, साबण-पाणी, बुकिंगवाल्यांचं कमिशन मिळून ४५० रुपये गेले, म्हणजे १ लाख ९८ हजार. खोल्या बघायला एक माणूस बारा महिने, महिना १२ हजार, म्हणजे १ लाख ४४ हजार. पावसाआधीची आणि पावसानंतरची डागडुजी, रंग, गंजलेले नळ-कड्या ७० हजार. खाऱ्या वाऱ्यात हे दरवर्षी आहे, टाळता येत नाही. विमा, परवाने, इंटरनेट वगैरे ४० हजार. आणि हप्ता: २५ लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं, म्हणजे महिन्याला सुमारे ३३,७०० आणि वर्षाला ४ लाख ५ हजारांच्या आसपास. सगळं वजा जाऊन हातात राहतात १ लाख ११ हजार. बऱ्या वर्षी!

आता मंदीचं वर्ष. शनिवार भरलेलेच आहेत, पण आडवारच्या रात्री गेल्या. ११० च्या ८० झाल्या, म्हणजे ३२० खोली-रात्री. दर उतरून १,९०० वर आला. उत्पन्न ६ लाख ८ हजार. रात्रीमागचा खर्च कमी होऊन १ लाख ४४ हजार. बाकीचा खर्च तिथेच, हप्ताही तिथेच. बेरीज-वजाबाकी केली की १ लाख ९५ हजार अंगावर. पाहुणे चौथ्या हिश्श्याहून थोडेच जास्त कमी झाले, दर तीनशे रुपयांनी पडला, तेवढ्यावर फायद्याचा खड्डा झाला.

याच हिशेबातून हप्ता काढून टाका. वाईट वर्षीही २ लाख १० हजार हातात उरतात. म्हणजे तेच गाव, तीच मंदी, तेच पाहुणे. स्वतःच्या पैशाने खोल्या बांधलेला शेजारी चरफडत का होईना जेवतो आणि कर्जवाला बायकोचे दागिने काढतो. बावीस वर्षांत मी जेवढे निवास-न्याहारीवाले बुडताना बघितले, त्यांतला एकही नुसता पाहुणे कमी झाले म्हणून बुडालेला नाही. जून ते सप्टेंबर हे चार हप्ते त्यांना गिळून गेले.

त्यातही कर्ज कुठलं, याला फार महत्त्व आहे, आणि हे कुणी आधी सांगत नाही. २०२० मध्ये मार्चपासून ऑगस्टपर्यंत सहा महिने हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली. आमच्याकडे निम्म्या लोकांनी तिला माफी समजलं. व्याज चढतच होतं, ते मुद्दलात जाऊन बसलं आणि हप्त्यांची शेपटी लांबली. त्यानंतर सरकारने हमी घेतलेलं, तारण न मागता मिळणारं जादा कर्ज आलं, आधीच्या शिल्लक धंदा-कर्जाच्या वीस टक्क्यांपर्यंत. पण कुणाला? ज्याच्या नावावर बँकेचं धंद्याचं कर्ज होतं त्याला. आमच्याकडे खोल्या बांधलेल्या असतात त्या घरकर्जावर, सोनेतारणावर, पतसंस्थेच्या कर्जावर, नाहीतर मुंबईच्या भावाने काढलेल्या पर्सनल लोनवर. त्यांना हे जादा कर्ज मिळालं नाही. एक जण माझ्यासमोर बसून म्हणाला, "माझा हॉटेल आसा, पन कागदावर माझा घर आसा." त्याला काय उत्तर देणार? कागदावर घर दाखवून त्याने इतकी वर्षं थोडं व्याज आणि बरीच यातायात वाचवली होती, ती त्या एका वर्षात वसूल झाली. सीआरझेडमुळे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांमुळे, परवानगी न घेता बांधलेल्या खोल्यांचं तर विचारूच नका. देवबागच्या पट्टीत तो प्रश्न तुम्हालाही येणार आहे, कर्जाच्या आधी तो सोडवा.

इथवर मालकाचं झालं. पण मंदीचा पहिला घाव मालकावर पडत नाही. मालक आधी बाहेरचं काम कमी करतो. चादरी धुवायला जाणाऱ्या बंद होतात, घरची मशीन दिवसरात्र फिरते. नेपाळी कुकला जानेवारीत "मेमध्ये ये" म्हणून पाठवतात. किल्ल्याच्या आणि डॉल्फिनच्या होड्यांवरचे खलाशी फेऱ्यांवर पैसे घेतात. फेऱ्या आठाच्या पाच झाल्या की त्यांची रोजी तेवढीच घटते, होडीमालकाचं डिझेल मात्र वाचतं. वायरीतली एक बाई तीन खानावळींना भाकऱ्या करून देते. तांदळाच्या, हातावर थापलेल्या, नगावर पैसे. तिच्याकडे वही नाही, भिंतीवर कोळशाच्या रेघा असतात, पाच-पाचाच्या जुड्या. ती मला एकदा हिशेब तपासायला घेऊन गेली, कारण खानावळवाला कमी देतोय असा तिचा संशय होता. खानावळवाला बरोबर होता. रेघाच कमी झाल्या होत्या. तिने दोनदा मोजल्या, मग पदराने भिंत पुसली आणि नवीन महिन्याची पहिली रेघ मारली.

या माणसांना कुठलाही हप्ता पुढे ढकलून मिळत नाही, कारण त्यांना कर्ज देतो तो किराणावाला. जूनआधी आगोटीचं सामान भरायचं असतं, तांदूळ, डाळ, सुकी मासळी, लाकडं. मे कसा गेला ते कुठल्या घरात किती आगोट भरली त्यावरून कळतं. पोरं मग मासेमारीला परततात म्हणावं, तर रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, पूर्वीसारखं मिळत नाही, आणि जो मुलगा दहा वर्षं पर्यटकांना पाण्यात उतरवून संध्याकाळी रोख घेऊन घरी आला, तो पहाटे चारला जाळं ओढायला खुशीने जात नाही.

आता एक उलटी बाजू आहे, ती सांगितली नाही तर चित्र अर्धं राहील. मंदी हलकी असली तर कोकणाला थोडा फायदाच होतो. थायलंडला जाणारा गोव्याला येतो, गोव्याला जाणारा आमच्याकडे. हा वरून घसरलेला पाहुणा खर्चाला बरा असतो. पण त्याला एसी लागतो, गरम पाणी लागतं, स्वच्छ संडास लागतो आणि कार्ड नाहीतर यूपीआय चालावं लागतं. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली तेव्हा ज्यांच्याकडे नुसती रोकड चालत होती त्यांचा नाताळ अवघड गेला. त्यानंतरच इथे टपरीवरसुद्धा क्यूआर कोड दिसायला लागले. २०२० च्या दिवाळीनंतर ते पुढच्या मार्चपर्यंत हे ठळक दिसलं. परदेशाची दारं बंद, घरात कोंडलेली माणसं, सगळी लोंढ्याने इकडे. ज्यांच्या चार खोल्या नीट होत्या त्यांनी मागच्या वर्षाचा खड्डा बराचसा बुजवला. मग पुन्हा टाळेबंदी आणि १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडे येऊन गेलं होतं.

निसर्गची आठवण मुद्दाम काढली. "एका धंद्यावर राहू नका, बागायतही करा" हा सल्ला सगळे देतात, मीही देतो. श्रीवर्धन-मुरुडच्या लोकांकडे बागायत होतीच, नारळ आणि सुपारी, पिढ्यान्‌पिढ्यांची. पाहुणे करोनामुळे बंद झाले आणि तीन महिन्यांत बागा आडव्या झाल्या. सुपारीचं नवीन झाड धरायला पाच-सात वर्षं घेतं. दोन्ही धंदे एकाच वाळूवर उभे असतील तर ते दोन नव्हेत, एकच.

कधीकधी मंदीशी काही देणंघेणं नसतानाही गाव बसतं. दिवेआगरचा सुवर्णगणेश मार्च २०१२ मध्ये चोरीला गेला, तेव्हा मुंबई-पुण्यात पैसा खुळखुळत होता. तरी दर्शनाला येऊन जेवून जाणारा माणूस कमी झाला आणि खानावळी, रिक्षा, पापड-कुरड्या विकणाऱ्या बायका बसल्या. गणेशाची पुन्हा प्रतिष्ठापना २०२१ च्या नोव्हेंबरात झाली, साडेनऊ वर्षांहून जास्त काळाने. तेव्हा गिऱ्हाईक कमी झालं की लगेच मंदीच्या नावाने खडे फोडू नका. शेजारच्या गावात विचारा. तिथेही तसंच असेल तर मंदी, नसेल तर तुमच्याकडे काहीतरी बिघडलंय.

आणि हे सगळं कोकणाला नवीन नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला, कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्गावर धावू लागली, त्याच्या आधी इथला 'सीझन' म्हणजे मुंबईहून येणारी मनीऑर्डर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार, त्यांतले कितीतरी आमच्याकडचे. माझे वडील तेव्हा पोस्टात होते. ते सांगायचे, पहिले दोन महिने मनीऑर्डरी येतच होत्या, फक्त शंभराच्या ऐंशी, ऐंशीच्या पन्नास होत गेल्या. मग तीन महिन्यांनी एकदा. मग माणूसच गावी आला. आजही क्रम तोच आहे: पाहुणा येतो, पण शंभराचा ऐंशी होऊन येतो.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या बेतात मला सगळ्यात धोकादायक वाटतं ते कर्ज नाही, तुमचा भरवसा. तुम्ही लिहिलंय की धंदा चालला नाही तरी पगारातून हप्ता भरता येईल. आणि दोन ओळींनी खाली लिहिलंय की ऑफिसातले लोकच सुरुवातीचे पाहुणे असतील, तीनशे जणांचा ग्रुप आहे. म्हणजे ज्या महिन्यात तुमची नोकरी जाईल, त्याच महिन्यात तुमचे पाहुणेही जातील. पगार हा तुमचा आधार ठेवायचा असेल तर पाहुणे दुसऱ्या घाटाने यायला हवेत. कोल्हापूर, इचलकरंजी, निपाणी, बेळगाव इथे ओळखी काढा.

चार खोल्या एकदम बांधू नका. आत्याच्या घराची पडवी आणि माजघराला लागून असलेली खोली नीट करून, दोन संडास-बाथरूम चांगले बांधून दोन खोल्यांनी सुरुवात करा. सात-आठ लाखांत होईल, त्यातले निम्मे तरी स्वतःचे असावेत. कर्ज घ्यायचं तर ते धंद्याचंच घ्या आणि पर्यटन विभागाकडे निवास-न्याहारीची नोंदणी करून घ्या. आत्याच्या नावावर घेता आलं तर महिलांसाठीचं राज्याचं 'आई' पर्यटन धोरण बघा, त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळतं. 'परत' हा शब्द नीट वाचा. आधी तुम्ही वेळेवर भरायचं, मग ते मिळतं. पहिल्या पावसाळ्यात ते हाताशी असेल असं धरू नका.

बँकेत हप्ता ठरवताना महिन्याचा सारखा हप्ता मुकाट्याने मान्य करू नका. पीककर्जाला जसं पीक बघून परतफेड ठरवतात, तशी जानेवारी आणि जूनमध्ये मोठी रक्कम, मधले महिने फक्त व्याज, अशी मागणी लेखी करा. काही मॅनेजर ऐकतात, काही हसतात. हसला तर दुसऱ्या शाखेत जा. तेही नाही जमलं तर मे संपताच चार हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि ते खातं आत्याच्या नावावर करा, म्हणजे तुमचा हात जाणार नाही. हे मी चेष्टेने म्हणत नाही.

मंदी आलीच, तर खोलीचा दर पाडू नका. पहिल्यांदा सगळ्यांना तोच मोह होतो. तुम्ही २,२०० चे १,८०० केले की समोरचा १,६०० करतो, आणि चांगले दिवस आले तरी जुना पाहुणा "मागच्या वेळी तर अठराशे होते" म्हणून अडून बसतो. दर तोच ठेवून दुसरी रात्र अर्ध्यात द्या, सकाळचे घावणे-चटणी त्यातच धरा, मुलांना एक होडीची फेरी द्या. दुसरी रात्र राहिलेला माणूस अजून तीन वेळा जेवतो, आणि जेवणातला पैसा घरात राहतो. बुकिंगवाल्या ॲपांना पंधरा-वीस टक्के जातात, ते नव्या पाहुण्यापुरते ठीक. एकदा येऊन गेलेल्याने थेट फोन करायला हवा. आत्याच्या हाताला चव असेल तर करतील.

आत्याचा विषय निघालाच आहे तर, तुम्ही पूर्ण पत्रात त्यांना विचारलंय असं कुठे लिहिलेलं नाही. सीझनमध्ये पहाटे साडेपाचला उठून घावणे, रात्री साडेअकराला "एक पाण्याची बाटली मिळेल का", आणि मधल्या वेळात मासळी बाजार. वयाच्या साठीत हे शंभर दिवस सोपे नाहीत. मदतीला घरातलीच एखादी बाई पगारावर ठेवा, बारा महिन्यांच्या पगारावर, रेघांवर नको.

येत्या दिवाळीला दोन खोल्या उघडा आणि पुढच्या जूनपर्यंत काही बांधू नका. तोपर्यंत वही लिहा. तारीख, किती माणसं, किती रात्री, जेवणात काय घेतलं, पैसे कसे दिले. त्यात एक रकाना जास्तीचा आखा: कुठल्या घाटाने आले. जूनमध्ये ती वही घेऊन माझ्याकडे या, मग उरलेल्या दोन खोल्यांचं बोलू.